दस्तुरखुद्द कोण? : नांगराच्या निशाणीपासून चार आकड्यांच्या पिनपर्यंत

एखाद्या निर्णयावर 'शिक्कामोर्तब' होते, नवा शिक्षक शाळेत 'रुजू' होतो, लग्नाला 'दस्तुरखुद्द' आमदार येतात. हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो की, ते कोणत्या घरातून आले याची चौकशी कोणी करत नाही. ते सगळे एकाच घरातले आहेत. मराठी राज्याच्या दफ्तरात जन्मलेले हे शब्द आहेत, आणि प्रत्येकाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हा कागद नेमका कोणाच्या हातचा?

'दस्तुर' म्हणजे हस्ताक्षर. मजकूर कारकुनाने लिहिला की शेवटी 'दस्तुर' लिहून त्याचे नाव यायचे. मालकाने स्वतः लिहिला तर 'दस्तुर खुद्द'. आज आपण माणसाला दस्तुरखुद्द म्हणतो. पूर्वी ते अक्षराचे वर्णन होते. 'रुजू' म्हणजे ताडून पाहिलेले. कागद दुसऱ्या अधिकाऱ्याने नोंदीशी मेळवून पाहिला की त्याचा शेरा पडायचा. 'सुरू सूद' आणि 'बार' हे शेरे कागद दफ्तरी चढून बाहेर पडल्याची खूण असत. मी संगणकावर हिशेबाच्या प्रणाली बसवून देण्याचे काम पंचवीस-तीस वर्षे कोल्हापुरात केले, आणि रविवारी मोडी वाचण्याचा नाद केला. या दोन उद्योगांचा एकमेकांशी काही संबंध आहे असे सुरुवातीला वाटत नव्हते. पुढे मोडी कागदाच्या तळाशी असलेले हे शेरे वाचताना सारखे वाटू लागले की, आपण सोमवार ते शनिवार जे बसवतो तेच हे आहे. कोणी लिहिले, कोणी तपासले, केव्हा नोंदले, कोणाच्या अधिकाराने बाहेर गेले. संगणकवाले याला लॉग म्हणतात.

आज संगणक उघडला की पडद्यावर दोन-चार नावे दिसतात. आपण आपल्या नावावर टिचकी मारतो, चार किंवा सहा आकडे घालतो, यंत्र आत घेते. या साध्या कृतीत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत. तुम्ही कोण, हे एक. तुम्ही तेच कशावरून, हे दुसरे. तुम्हाला आत काय काय करता येईल, हे तिसरे. आपल्याकडे या तिन्ही गोष्टींचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे, आणि कोल्हापूर परिसरात त्याची उदाहरणे हाताशी सापडतात.

आधी शिक्का. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा सर्वांना ठाऊक आहे; पत्राच्या डोक्यावर ती असे. पण संशोधकाचे डोळे आधी तळाकडे जातात, कारण तिथे दुसरा छोटा शिक्का असतो, मर्यादेचा. तेच मोर्तब. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे, असा त्याचा अर्थ. लांबलचक महजर अनेक कागद चिकटवून केलेला असेल तर पाठीमागे सांध्यावरही शिक्का मारत, म्हणजे मधला कागद काढून दुसरा घालता येऊ नये. वर मुद्रा आणि खाली मोर्तब, यांच्यामध्ये मजकूर कुलूपबंद.

शिक्का व्यक्तीचा असतो की पदाचा, हा प्रश्नही जुन्यांनी सोडवला होता. प्रधानाची नेमणूक झाली की त्याला शिक्के-कट्यार मिळत. पद गेले की ती परत. पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव आहे आणि मग स्वतःचे. छत्रपती बदलले की शिक्का नव्याने कोरावा लागे. पेशव्यांची प्रत्यक्ष सत्ता कितीही वाढली तरी कागदावर ते कोणाच्या तरी अधिकाराखाली लिहीत होते. संगणकावरही तसेच असते. कारकुनाचे अकाउंट स्वतःच्या बळावर उभे नसते. ते मुख्य अकाउंटने निर्माण केलेले असते आणि त्याच्या मर्जीवर चालते.

शिक्का हा मोठ्यांचा विषय झाला. गावच्या कुणब्याला शिक्का कुठला, आणि अक्षर तरी कुठले? त्याने 'निशाणी' केली. वतनाच्या कागदांत पाटलाच्या नावापुढे छोटासा नांगर काढलेला असतो. शिपाईगड्याची कट्यार, वाण्याचा तराजू, बाईची बांगडी. मोडीच्या सरपटत जाणाऱ्या ओळींनंतर कागदाच्या तळाशी हे चित्रांचे पीक उगवलेले दिसते, तेव्हा वाचणाऱ्याला बरे वाटते. पण जरा थांबून पाहावे. नांगर हा एका माणसाचा नव्हे. शेजारच्या गावच्या पाटलानेही नांगरच काढला आहे. निशाणी सांगते ती जात, धंदा, हक्क. ती व्यक्ती सांगत नाही. मग ही निशाणी याच माणसाने केली हे कशावरून? उत्तर कागदावरच होते: साक्ष, गोही. पंचक्रोशीतले पंधरा-वीस लोक समोर बसलेले असत, आणि पुढे भांडण झाले तर त्यांना बोलावता येई. नांगराची खरी ताकद त्या बसलेल्या माणसांत होती.

त्या नांगरावरूनही किती भांडणे! 'नाव-नांगर' हा वतनी वादातला ठरलेला शब्द आहे. पाटीलकी अर्धी विकली, किंवा भावाभावांत वाटली, की पहिला प्रश्न हा की कागदावर आधी कोणाचे नाव आणि कोणाचा नांगर. कोणाचा नांगर वर, कोणाचा खाली, हे करारात लिहून ठेवत. काही घरांत वतनाचे काम पाळीने चाले. एक साल थोरल्याकडे, दुसरे धाकट्याकडे. एकाच अकाउंटवर अनेक वापरकर्ते असले की काय होते याचा अनुभव महाराष्ट्राने इतका घेतला आहे की, संगणकाने त्यात नवे काही शिकवले नाही.

तिसरा प्रश्न, आत कोणाला काय करता येईल, त्याचे सर्वांत चांगले उत्तर गडावर मिळते. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून बखर लिहिली. तिच्यात शिवाजी महाराजांनी गडाची व्यवस्था कशी लावली हे सांगितले आहे. हवालदार, सरनौबत आणि सबनीस, तिघे एका प्रतीचे. तिघांनी मिळून कारभार करावा. धान्य-दारूगोळ्याच्या कोठाराला कारखानीस वेगळा. कारण स्पष्ट आहे: एकटा फितला तरी गड जाऊ नये. हे अधिकारी वेगवेगळ्या जातींतले असत हेही इतिहासकारांनी नोंदले आहे. म्हणजे सोयरीक आणि भाऊबंदकीच्या वाटेने तिघे एक होण्याची सोयही कमी केली होती. किल्ल्या एकाकडे, हजेरी दुसऱ्याकडे, कोठाराचा हिशेब तिसऱ्याकडे. बँकांमध्ये आजही तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. हिशेबाच्या प्रणालीत एक जण नोंद करतो आणि दुसरा ती मंजूर करतो. एकाच लॉगिनने दोन्ही करता येत नाही, किंवा येऊ नये.

पन्हाळ्यावर उभे राहिले की हे अधिक पटते. तीन दरवाजा पाहून पर्यटक थक्क होतात, आणि व्हावेच. पण १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंद साठ माणसे घेऊन रात्री गडावर चढला तो दरवाजातून नव्हे. दरवाजा कितीही भक्कम केला तरी आतला पहारा जागा नसेल तर काय उपयोग? पहाऱ्यावरच्या शिपायाला ओळख पटवण्यासाठी जो ठरलेला शब्द सांगायचा, तो परवलीचा शब्द. पासवर्डला मराठीत हाच शब्द आपण योजला आणि तो फार चांगला योजला. फक्त एक फरक आहे. छावणीतला परवलीचा शब्द सगळ्या सैन्याचा मिळून एक असे आणि रोज बदलत असे. तो सांगे की हा माणूस आपला आहे. आपल्यातला नेमका कोण, हे तो सांगत नसे.

आता कोल्हापूर संस्थानातली अशी एक घटना, जिच्याकडे या अंगाने फारसे पाहिले गेलेले नाही.

गावचे दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याच्या घरात असे. 'घरात' हा शब्द अक्षरशः घ्यायचा. कोणाच्या नावावर किती जमीन, कोणाकडे किती सारा थकला, कोणी कोणाला काय गहाण दिले, हे सगळे रुमालात बांधून त्याच्या माडीवर किंवा माजघरात. लिहिता-वाचता त्यालाच येते, मोडी त्यालाच लागते, दफ्तर त्याच्याच फडताळात. कुणब्याला आपल्या जमिनीबद्दल कागद काय म्हणतो हे जाणून घ्यायचे तर कुलकर्ण्याच्या ओसरीवर जाऊन उभे राहावे लागे. सगळे कुलकर्णी लबाड होते असे मी म्हणत नाही. अत्यंत चोख दफ्तरे ठेवणारी घराणी होती आणि त्यांच्या सुवाच्य मोडीवर आज आम्ही जगतो. मुद्दा लबाडीचा नाहीच. लिहिणारा, जपणारा आणि वाचून दाखवणारा एकच, त्याच्यावर नजर ठेवणारा गावात कोणी नाही, आणि ही जागा बापाकडून मुलाकडे जाणार. गडावर जी व्यवस्था टाळली होती, तीच गावात कायम होती.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात कुलकर्णी वतन बंद केले आणि पगारी तलाठी नेमले. त्याआधी एक वर्ष, १९१७ मध्ये, त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले होते. १९१८ मध्येच महार वतनही रद्द झाले. तलाठ्याच्या जागा सर्व जातींना खुल्या झाल्या. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले तरुणही तलाठी झाले. या निर्णयाची चर्चा आपण ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाच्या संदर्भात करतो, आणि ते बरोबरच आहे. कुलकर्ण्यांनी कडाडून विरोध केला, वृत्तपत्रांतून आग पाखडली. पण दफ्तराच्या बाजूने पाहिले तर या हुकमाचा आणखी एक अर्थ लागतो. दफ्तर उघडण्याचा हक्क रक्तातून काढून खुर्चीत ठेवला गेला. तलाठी बदलून जाईल, दफ्तर राहील. त्याची सही त्या जागेपुरती आणि त्या काळापुरती. जाताना त्याला याद्या करून, मोजून, पुढच्याच्या स्वाधीन करावे लागेल. घराण्याचे अकाउंट जाऊन पदाचे अकाउंट आले.

१९१७ आणि १९१८ हे दोन निर्णय जोडीने वाचावेत असे मला वाटते. दफ्तर नुसते चावडीत आणून काय होणार, ते वाचणारी पोरे नसतील तर? आणि पोरे शिकून काय होणार, कागद कोणाच्या फडताळातच राहिले तर?

तरी निम्म्या गावाला सही येत नव्हती, आणि नांगर काढण्याची रीत मागे पडली होती. तिथे अंगठा आला. त्याची कथा बंगालची आहे. १८५८ मध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा उमटवून घेतला. हेतू बहुधा जरब बसवण्याचाच होता. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांचे दफ्तर सुरू झाले. त्याचे वर्गीकरण एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेले, आणि ज्यांनी त्यातले गणित बसवले ते अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस बराच काळ मागे राहिले. अंगठ्याने एक काम केले जे नांगराला जमले नव्हते: त्याने जात सांगणे सोडले आणि माणूस सांगितला. पण मानही गेला. नांगर काढणारा पाटील ताठ बसत असे. 'अंगठेबहाद्दर' ही शिवी झाली.

आकड्याकडे येण्यापूर्वी थोडे समुद्रापलीकडे जावे लागेल. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोरबाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच संगणकावर एकाच वेळी अनेकांना काम करता येईल अशी प्रणाली करून दाखवली. तोवर यंत्रापुढे रांग लागे. आता प्रत्येकाला स्वतःचे टंकयंत्र आणि यंत्रात स्वतःची फडताळे मिळाली. फडताळे आली म्हणून कुलपे आली, आणि प्रत्येकाला स्वतःचा परवलीचा शब्द देण्यात आला. पुढच्याच वर्षी ते कुलूप फोडलेही गेले. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची फाईल छापून देण्याचा हुकूम यंत्रालाच दिला, आणि यंत्राने ती इमानाने छापून दिली. १९६२ म्हणजे आपल्याकडे शिवाजी विद्यापीठ सुरू झाले ते साल.

पिनचा उगम मात्र पैशाच्या व्यवहारात आहे. स्कॉटलंडचे जेम्स गुडफेलो यांनी १९६६ मध्ये कार्ड आणि गुप्त अंक यांच्या जोडीचे पेटंट मागितले. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्ड भागात बार्कलेज बँकेचे पैसे देणारे यंत्र लागले, ते जॉन शेफर्ड-बॅरन यांचे. हे गृहस्थ जन्मले शिलाँगला. त्यांच्या मनात सहा आकडे होते, पण बायको म्हणाली, मला चारच लक्षात राहतात; म्हणून जगाला चार आकडे मिळाले, असे ते स्वतः सांगत. भारतात असे यंत्र १९८७ मध्ये मुंबईत लागले.

पासवर्ड आणि पिन यांत लोक गल्लत करतात. चार आकडे म्हणजे दुबळा पासवर्ड असे त्यांना वाटते. चार आकड्यांच्या दहा हजारच जोड्या होतात हे खरे, पण पिनची ताकद आकड्यांत नसून तो कशाला बांधलेला आहे यात असते. एटीएममध्ये तो कार्डाला बांधलेला आहे. २०१५ च्या विंडोज १० पासून घरच्या संगणकावर जो पिन आला, तो त्या एका यंत्राला बांधलेला आहे. पासवर्ड दूरच्या सर्व्हरवर तपासला जातो, म्हणून तो कोणाला कळला तर जगाच्या पाठीवर कुठूनही वापरता येतो. पिन यंत्राबाहेर जात नाही. आत ठेवलेली खरी किल्ली तो फक्त मोकळी करतो, आणि काही वेळा चुकला की यंत्र थांबवते. तुमचा पिन कळलेल्या माणसाला तुमचे यंत्रही हाती लागले पाहिजे. कमरेची किल्ली आणि डोक्यातला आकडा, दोन्ही एकदम चोरीला जाणे अवघड, असा तो हिशेब.

हा हिशेब एक माणूस-एक यंत्र धरून केलेला आहे. आमच्याकडे यंत्र एक आणि माणसे पाच.

१९९८ मध्ये वारणा खोऱ्यात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प आला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रे उभी केली. देशभरातून लोक बघायला येत. शेतकऱ्याने केंद्रावर यावे, जगाची माहिती मिळवावी, असे चित्र रंगवले होते. प्रत्यक्षात केंद्रांचे मुख्य काम उसाचे राहिले: नोंद, तोडीची पाळी, वजन, खताची उचल. आणि शेतकरी कळफलकाला क्वचितच हात लावी. केंद्रावरचा पोरगा लॉगिन करी आणि पडद्यावरचे वाचून दाखवी. ओसरी गेली आणि काउंटर आला, एवढाच फरक, असे त्या वेळी मला वाटे. नंतर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत आठ महिने साध्या मोबाइलवरच्या एसएमएसने हेच काम करून पाहिले. शेतकऱ्यांना ते अधिक आवडले. घरात बसून, स्वतःच्या हाताने, मध्ये कोणी नाही. वजनाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे आणि स्वतःच्या तळहातावर पाहणे यांत काय अंतर आहे, हे ऊस घालणाऱ्याला सांगावे लागत नाही.

त्याच सुमारास शहरातल्या पतसंस्था आणि छोट्या बँका संगणकावर येत होत्या. मी अशा पुष्कळ ठिकाणी प्रणाली बसवल्या. प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेगळे लॉगिन, वेगळा पासवर्ड, रोखपालाला एवढेच, अधिकाऱ्याला एवढे, अशी मांडणी करून द्यायची. आठ दिवसांनी जावे तर सगळे एकाच लॉगिनवर. पासवर्ड बहुतेक ठिकाणी अंबाबाई, नाहीतर जोतिबा. मी विचारले की उत्तर ठरलेले: "काय साहेब, आपलीच माणसं हायत की सगळी."

एका संस्थेतली गोष्ट सांगतो. संस्थेचे नाव नको. तिथे काउंटरवर एक बाई होत्या, सगळे त्यांना आक्का म्हणत. जेवायला जाताना आक्का संगणक तसाच उघडा ठेवून जात, कारण रांग असे आणि शेजारचा कोणीही येऊन पावती करून देई. एका दुपारी कोणाच्या तरी ठेवीतून रक्कम वजा झाली आणि खातेदाराने हरकत घेतली. यंत्र म्हणाले, आक्का. वेळही छापून आली, मिनिटासकट. संचालकांनी कागद पुढे ठेवला. इतकी वर्षे ज्यांना सगळे आपली माणसे म्हणत होत्या, त्यांतले कोणी बोलेना. आक्का त्या दिवशी दुपारनंतर अर्ध्या रजेवर होत्या, हे सिद्ध झाले ते कागदी हजेरीपटावरून. लाल शाईने लिहिलेला रजेचा शेरा नसता तर त्यांची नोकरी गेली असती. पैसे कोणी काढले ते शेवटपर्यंत ठरले नाही. ठरणार कसे? लॉग चोख होता, पण तो हाताविषयी बोलत नव्हता, लॉगिनविषयी बोलत होता.

त्यानंतर आक्का पाणी प्यायला उठल्या तरी संगणकाला कुलूप घालू लागल्या. याचा सहकाऱ्यांना राग आला. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे त्यांना तोंडावर विचारले गेले. आक्कांनी काही उत्तर दिल्याचे मला आठवत नाही.

या रागाचा मी पुष्कळ विचार केला आहे. नांगर काढला जाई तेव्हा भोवती बसलेले लोक साक्षीदार असत. विश्वास हीच त्या कागदाची बळकटी होती. पिनच्या बाबतीत भोवतीच्या लोकांनी मान फिरवायची असते. एटीएममध्ये मागे उभा असलेला सभ्य माणूस दुसरीकडे बघतो. गावाच्या साक्षीने चालत आलेल्या समाजाला ही उलटी रीत लगेच कशी पचावी? कायद्याने मात्र ती मानली. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-सी हे कलम आले. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही अप्रामाणिक हेतूने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. अप्रामाणिक हेतूने, असे शब्द आहेत. घरोब्याने वापरली तर काय, याला कलम नाही.

घरांमध्ये वेगळीच गंमत झाली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आले आणि घरच्या एका संगणकावर प्रत्येकाचे वेगळे अकाउंट सोपे झाले. नावापुढे छोटे चित्र निवडायचे असे. बदक, फुटबॉल, गिटार, मासा. अनेक घरांत मी पाहिले की आजोबांपुढे फूल, नातवापुढे फुटबॉल. निशाणी परत आली म्हणायची, फक्त जातीची राहिली नाही, आवडीची झाली. पण मुख्य अकाउंट कोणाचे? कर्त्या पुरुषाचे नाही. इंजिनिअरिंगला असलेल्या मुलाचे, कधी मुलीचे. बाप 'मर्यादित' वापरकर्ता. एखादा कार्यक्रम चढवायचा तर मुलाला पुण्याला फोन लावून पासवर्ड विचारायचा. ज्या घरात तिजोरीची किल्ली कधी सुनेच्या हाती लागली नाही, त्या घरात लेकीने बापाला परवानगी दिलेली मी पाहिली आहे, आणि त्या घरी चहाही छान मिळाला.

उलट बाजूही तितकीच खरी. पासबुकाच्या कव्हरात चिठ्ठीवर लिहिलेला पिन मी अनेक वृद्धांच्या हातात पाहिला. नातू यंत्रापर्यंत घेऊन जातो, आकडे तोच दाबतो. नातू चांगला निघाला तर प्रश्न नाही. २०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत आधारची सुरुवात झाली आणि अंगठा पुन्हा मानाने परतला. आता रेशनच्या दुकानात आकडा लक्षात ठेवायला नको. पण चुना-सिमेंटात आयुष्य गेलेल्या हाताच्या रेषाच यंत्राला सापडत नाहीत, तेव्हा दुकानदार एकामागून एक बोट ठेवायला सांगतो आणि मागची रांग कुजबुजते.

तलाठ्याच्या दफ्तराचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. फेरफार आता संगणकावर होतात. नोंद तलाठी घेतो, ती प्रमाणित करतो मंडल अधिकारी. दोघांची लॉगिने वेगळी, सह्या डिजिटल. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कोणालाही घरबसल्या काढता येतो. तलाठ्याचे नावही २०२४ मध्ये बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले, जरी करवीर तालुक्यात अजून कोणी त्याला तसे हाक मारल्याचे मी ऐकलेले नाही. त्या सातबाऱ्याच्या तळाशी, जिथे पूर्वी मोर्तब असे, बरोबर त्या जागी एक ओळ छापलेली असते: हा दस्त डिजिटल स्वाक्षरीत असल्यामुळे त्यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नाही, अशा अर्थाची.

मागच्या पावसाळ्यात मी एका चावडीत बसलो होतो. पीककर्जाच्या हंगामामुळे गर्दी होती. एक शेतकरी मोबाइलवरून काढलेला सातबारा छापून घेऊन आला. तलाठ्याने त्याला तळाची ओळ वाचून दाखवली. त्याने ऐकून घेतली आणि कागद तसाच पुढे धरला. "असू दे की साहेब, तेवढा गोल शिक्का मारा." तलाठ्याने माझ्याकडे पाहिले, खण उघडला, शिक्का शाईच्या पॅडवर दाबला आणि मारला.